शंभर मैलांचा ट्रक, दोन तासांचे गुडघे: एक प्रकरण अभ्यास

कुटुंब कोथरूडचं, ट्रक डेन्व्हरचा. काका पिंपरीच्या एका वाहन कारखान्यातल्या चाचणी विभागातून निवृत्त झालेले, वय ७१. काकू ६७. मुलगा, सून आणि सात वर्षांची नात डेन्व्हरच्या पश्चिमेला लेकवुड या उपनगरात राहतात. मुलाकडे फोर्डचा एफ-१५० लाइटनिंग हा विजेवरचा पिकअप ट्रक आहे, मोठ्या बॅटरीचा. आई-बाबा मे महिन्यात येणार म्हणून त्याने बेत आखला: चोवीस फुटी कॅम्पर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, भाड्याने घ्यायचा, ट्रकच्या मागे जोडायचा आणि आय-७० या महामार्गाने रॉकी पर्वत ओलांडून युटातल्या मोआबला जायचं. तिथे आर्चेस राष्ट्रीय उद्यान आहे, लाल दगडांच्या कमानींचं.

काका आमच्याच सोसायटीत राहतात आणि मी अभियांत्रिकीच्या मुलांना वाहनांचे ऊर्जेचे हिशेब शिकवतो. त्यामुळे फेब्रुवारीतल्या एका रविवारी ते लॅपटॉप घेऊन वर आले. पुढचं सगळं नियोजन कोथरूडच्या जेवणाच्या टेबलावर झालं. पुण्यात सकाळचे आठ म्हणजे तिकडे उन्हाळी वेळेनुसार आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ. नात झोपली की व्हिडिओ कॉल सुरू. हे प्रकरण मी आता वर्गात वापरतो. कुटुंबाची परवानगी आहे, नावं काढली आहेत.

नेमकी अडचण काय होती

या ट्रकच्या बॅटरीत वापरता येण्याजोगी १३१ किलोवॅट-तास वीज मावते. आपल्या भाषेत १३१ युनिट. काका-काकूंचं महावितरणचं महिन्याचं बिल साधारण एवढ्याच युनिटचं येतं, म्हणजे एका कुटुंबाची महिनाभराची वीज या ट्रकच्या पोटात असते. रिकामा ट्रक त्यावर ३२० मैल जातो असा अमेरिकेच्या ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेचा आकडा आहे. मुलाचा अनुभवही त्याच्या जवळपासचा होता.

मागे कॅम्पर जोडला की हे सगळं कोसळतं. आठ फूट रुंद आणि जमिनीपासून साडेदहा-अकरा फूट उंच अशी भिंत हवेतून ओढत न्यायची असते. काकांनी पहिला हिशेब मांडला तो आमच्या टेबलावरच. ट्रक ३ टन, भरलेला कॅम्पर २.२ टन, माणसं आणि सामान ४०० किलो, एकूण ५.६ टन. चाकांचा घर्षण-गुणांक ०.०१. हवेचा अडथळा म्हणजे रोध-गुणांक गुणिले समोरचं क्षेत्रफळ, तो त्यांनी ५ चौरस मीटर धरला. कॅम्परवाल्याने असा आकडा दिलेला नसतो, म्हणून हा थोडा सढळ हाताने. ताशी ६५ मैलांनी हिशेब आला तो एका युनिटला पाऊण मैलाच्या आसपास. म्हणजे पूर्ण बॅटरीत शंभर मैल, तेही बॅटरी तळापर्यंत खरवडली तर. ताशी ५५ मैलांनी तोच आकडा १२० मैलांपर्यंत चढत होता.

मुलगा म्हणाला, "बाबा, मग पेट्रोलचा ट्रक भाड्याने घेऊ का? मित्राचा सहाशे मैल जातो."

प्रश्न रास्त होता. पण काकांनी एक गोष्ट बरोबर दाखवली. ईपीएच्या हिशेबाने एक गॅलन पेट्रोलमध्ये ३३.७ युनिट ऊर्जा असते. म्हणजे या ट्रकची अवाढव्य बॅटरी पेट्रोलच्या भाषेत चार गॅलनांपेक्षाही कमी, जेमतेम १५ लिटर. पेट्रोलचा ट्रक टाकीत शंभर लिटरहून जास्त घेऊन फिरतो आणि त्यातली बरीचशी ऊर्जा उष्णता म्हणून फेकून देतो. कॅम्पर जोडल्यावर त्याचाही पल्ला निम्म्यावर येतो, पण मुळात साठा इतका मोठा की कोणी मोजायला बसत नाही. विजेच्या ट्रकमध्ये उधळपट्टी कमी, म्हणून हवेचा खर्च उघडा पडतो.

तेव्हा पल्ला शंभर मैल, हे गृहीत. आता यात प्रवास बसतो का, हा प्रश्न.

गुडघे

उत्तर काकूंकडून आलं आणि तेही अनवधानाने. आम्ही दोघं एक्सेलच्या रकान्यांत डोकं घालून बसलो होतो. त्या चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "अहो, तुम्हाला तरी दोन तासांच्या वर बसवतं का गाडीत? महाबळेश्वरला जाताना सुरूरला उतरायचं, मग वाईला उतरायचं."

खरंच होतं. काकांना मधुमेह आहे, जेवण वेळेवर लागतं आणि दर दोन तासांनी गुडघे मोकळे करावे लागतात. काकूंना त्याहून लवकर. नातीला तर अर्ध्या तासाने. ताशी ५५ मैलांनी दोन तास म्हणजे ११० मैल. ट्रकचा पल्ला आणि माणसांचा पल्ला जवळजवळ एकच निघाला.

माझ्या मते या प्रकरणातली पहिली खरी शिकण्याची जागा ही आहे. दिवसाला चारशे मैल कापायचे असतील तर हा ट्रक आणि हा कॅम्पर ही जोडी चुकीची आहे, त्यात सारवासारव करण्यात अर्थ नाही. पण इथे दिवसाला दीडशेच्या वर जाणारं कोणीच नव्हतं. यंत्राची मर्यादा मोजताना आपण माणसांची मर्यादा शून्य धरतो आणि मग यंत्राला नावं ठेवतो.

मैलांचे दगड

कोलोरॅडोत आणि युटात महामार्गावरून बाहेर पडायच्या फाट्यांना क्रमांक मैलांनुसार दिलेले असतात. काका यावर खूश झाले. लेकवुडजवळचा फाटा साधारण २६०, सिल्व्हरथॉर्न २०५, व्हेल १७६, ईगल १४७, ग्लेनवूड स्प्रिंग्ज ११६, फ्रूटा १९. वजाबाकी केली की अंतर. राज्याची सीमा ओलांडली की युटाचे क्रमांक २३२ पासून उतरायला लागतात आणि १८२ ला मोआबचा फाटा येतो, तिथून दक्षिणेला आणखी ३१ मैल.

यावरून चार टप्पे पडले. लेकवुड ते सिल्व्हरथॉर्न ५५ मैल, सिल्व्हरथॉर्न ते ग्लेनवूड ८९, ग्लेनवूड ते फ्रूटा ९७, फ्रूटा ते मोआब १००. पहिले दोन एकाच दिवशी.

सगळ्यांच्या मनात धास्ती पहिल्या टप्प्याची होती. लेकवुड साधारण १,७०० मीटर उंचीवर, आणि तिथून रस्ता चढतो आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत: ११,१५८ फूट, म्हणजे ३,४०० मीटर. काकूंनी विचारलं, "एवढ्या घाटात मागचं घर ओढवेल का त्याला?"

ओढायला ताकद भरपूर होती, प्रश्न विजेचा होता. तो समजावायला काकांनी पुण्यातच प्रयोग केला. पुतण्याच्या विजेच्या गाडीतून सगळे वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला गेले. चढ सुमारे ५७० मीटर, गाडी आणि माणसं मिळून १.७ टन. वजन गुणिले गुरुत्व गुणिले उंची केलं तर २.६ युनिट, मोटर-बॅटरीतला तोटा धरून ३. घाटाच्या पायथ्याला आणि माथ्यावर पडद्यावरचे टक्के टिपले, त्यातून सपाट रस्त्याला लागले असते तेवढे वजा केले, तर फरक हिशेबाच्या जवळ आला. येताना उतारावर त्यातला बराच परत मिळाला. काकूंचं समाधान झालं, काकांचं दुप्पट.

त्याच सूत्राने ५.६ टनांना दर हजार मीटर चढायला बॅटरीतून साधारण १७ युनिट लागतात. बोगद्यापर्यंत ३० युनिट. मोठा आकडा आहे, पण तो ठरलेला असतो. तुम्ही हळू चढा की जोरात, उंचीचं बिल तेवढंच येतं. शिवाय चढावर वेग आपोआप कमी राहतो आणि वर हवा विरळ असल्याने तिचा अडथळाही घटतो. पहिल्या टप्प्याचा एकूण खर्च ७५ युनिट आला, म्हणजे ५७ टक्के. घरून १०० वर निघालं तर सिल्व्हरथॉर्नला ४३ उरतात.

दुसऱ्या टप्प्यात व्हेल पास या खिंडीचा चढ आहे, पण पुढे ग्लेनवूडपर्यंत दीड हजार मीटरचा उतार. ८३ युनिट, ६४ टक्के.

आणि मग तो तिसरा टप्पा. ग्लेनवूड ते फ्रूटा, कोलोरॅडो नदीच्या काठाने, रस्ता जवळजवळ सपाट आणि किंचित उतारच. इथे आकडा आला ताशी ५८ मैलांना ८३ टक्के! ताशी ५५ ला ७६. काकांनी सूत्र दोनदा तपासलं, मीही तपासलं. चूक नव्हती. खाली हवा दाट, वेग जास्त, आणि परत देणारा मोठा उतार नाही. ज्या घाटांची धास्ती होती ते परवडत होते. सपाट रस्ता महाग निघाला. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो खर्च कुठल्याच उतारावर परत मिळत नाही.

मी मुलांना हा टप्पा आधी अंदाजाने विचारतो. अजून तरी बहुतेक वर्ग घाटावरच बोट ठेवतो.

मुक्काम हाच चार्जर

आता बापलेकांत खरा मतभेद झाला. मुलाची योजना अशी: वाटेत दर ऐंशी मैलांवर जलद चार्जर, प्रत्येक ठिकाणी अर्धा-पाऊण तास, रात्री कुठेही थांबायचं. २०२४ पासून फोर्डच्या गाड्यांना अॅडाप्टर लावून टेस्लाचे सुपरचार्जरही वापरता येतात, त्यामुळे जागांची वानवा नव्हती. लाइटनिंग १५ ते ८० टक्के ४१ मिनिटांत होतो असं फोर्ड सांगते.

काकांचा आक्षेप वेळेवर नव्हता, जागेवर होता. बहुतेक चार्जर एकेका गाडीने नाक घालून उभं राहावं अशा आखणीचे असतात. मागे चोवीस फुटी कॅम्पर असेल तर तो रस्त्यावर आडवा येतो. पेट्रोल पंपासारखं एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघता येईल अशा जागा फार थोड्या आहेत. म्हणजे प्रत्येक वेळी कॅम्पर सोडवायचा: चाकांना अडणी लावायची, वजन वाटणारे दांडे काढायचे, सात पिनांचा प्लग काढायचा, साखळ्या, जॅक, मग ट्रक पुढे. परत येऊन सगळं उलट क्रमाने, आणि शेवटी दिवे आणि ब्रेक तपासायचे. सरावलेल्या माणसाला प्रत्येक वेळी पंधरा-वीस मिनिटं. मुलगा सरावलेला नव्हता. आणि दमलेल्या माणसाकडून साखळी लावायची राहिली तर काय होतं, हे चाचणी विभागात आयुष्य काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

"अरे, दिवसातून एकदा सोडव, पण तीनदा नको," ते म्हणाले.

मग वीज कुठून? मुक्कामातून. तिकडच्या आरव्ही पार्कांत, म्हणजे कॅम्पर मुक्कामाला लावायच्या तळांवर, प्रत्येक जागेशी विजेचा खांब असतो आणि चांगल्या पार्कांत त्यावर ५० अँपिअर, ३० अँपिअर आणि २० अँपिअर असे तीन सॉकेट. ५० वाला २४० व्होल्टचा असतो. सोबत नेता येणारा केबल-चार्जर त्यावर ३० अँपिअर घेतो, म्हणजे सुमारे ७ किलोवॅट. कॅम्परला ३० अँपिअरच्या सॉकेटवर जोडायचं, तो १२० व्होल्टचा असतो आणि कॅम्परच्या दिव्यांना-फ्रिजला पुरतो. ट्रक ५० वर. यासाठी आधी फोन करून विचारावं लागतं, कारण काही पार्क गाडी चार्ज करू देत नाहीत, काही वेगळे पैसे घेतात. शिवाय पार्कचं वायरिंग सगळ्यांनी एकाच वेळी पूर्ण भार घ्यावा अशा बेताचं नसतंच. मे महिन्याचा शेवटचा सोमवार, मेमोरियल डे, या सुट्टीत तर पार्क ओसंडून वाहतात. म्हणून बेत त्याच्या पुढच्या आठवड्यावर ढकलला.

या निर्णयाने सगळं गणित उलटं झालं. काकांच्या तक्त्यात आतापर्यंत "निघायची वेळ" हा मुख्य रकाना होता. आता तिथे "पोचायची वेळ" आली. ग्लेनवूडला १६ टक्के उरले असताना संध्याकाळी साडेपाचला पोचून सकाळी साडेनऊला निघालं, तर सोळा तास मिळतात, तोटा वजा जाता शंभर युनिट, बॅटरी ९२ टक्के. तेच वाटेत रेंगाळून रात्री नऊला पोचलं तर बॅटरी ७६ टक्के, म्हणजे पुढच्या टप्प्याला लागतात नेमके तेवढेच, हातात शून्य. संध्याकाळचे साडेतीन तास दुसऱ्या दिवशीचा प्रवास ठरवत होते.

कॅम्पर ओढणाऱ्या विजेच्या ट्रकची चर्चा नेहमी बॅटरी किती मोठी आणि चार्जर किती वेगाचा यावर अडकते. मला वाटतं, या कुटुंबाच्या जागी असणाऱ्याने आधी मुक्काम निवडावेत आणि तिथून मागे मोजत यावं. खांब असलेला मुक्काम सापडला नाही तर तो दिवस बेतात नाहीच असं समजावं. आर्चेसच्या आतलं डेव्हिल्स गार्डन कॅम्पिंग सुनेला फार आवडलं होतं, पण तिथे विजेची जोडणी नाही. ते या एका कारणाने बाद झालं आणि मोआब गावातलं खाजगी पार्क ठरलं. सून दोन दिवस नाराज होती.

अजून एक हिशेब काकांनीच हट्टाने करायला लावला, तो वजनाचा. कॅम्पर ओढायची क्षमता हजारो पौंडांत सांगतात, टोइंग पॅकेज घेतलेल्या लाइटनिंगची कमाल १०,००० पौंड. २.२ टन म्हणजे त्याच्या निम्मेच. पण कॅम्परच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग हिचच्या, म्हणजे ट्रकच्या मागच्या जोडणीच्या गोळ्यावर, थोडक्यात ट्रकवरच पडतो. इथे अडीचशे-तीनशे किलो. त्यात पाच माणसं, सामान, काकूंनी पुण्याहून नेलेली भाजणी, मेतकूट आणि तीन किलो गोडा मसाला. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून किती वजनाच्या वर जाऊ नये ते त्यावर किलो आणि पौंड दोन्हींत छापलेलं असतं. मुलाने तो फोटो काढून पाठवला तेव्हा कळलं की मर्यादा फार लांब नव्हती. पाण्याची टाकी रिकामी ठेवून मुक्कामावर भरायची, एवढ्यावर सुटका झाली.

प्रत्यक्षात

पहिला टप्पा कागदासारखाच गेला. घरून शंभर टक्क्यांवर निघाले, उजवी मार्गिका धरली, बोगद्यापाशी दोन्ही बाजूंना बर्फ होतं आणि नात हरखली. बोगद्यापलीकडचा उतार तीव्र आहे, ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी बाजूला खडीचे चढ बांधलेले आहेत. तिथे ट्रकची मोटर वेग धरून ठेवत होती आणि वीज परत भरत होती. सिल्व्हरथॉर्नला ४१ टक्के.

तिथे दिवसातला एकदाच कॅम्पर सोडवला, दुकानांच्या वाहनतळाच्या कडेला, आधी विचारून. मग एक गोष्ट झाली जी तक्त्यात नव्हती. मुलगा ट्रक घेऊन चार्जरवर गेला आणि बाकीचे चौघं कॅम्परमध्येच राहिले. काकूंनी गॅसवर थालीपीठं लावली. जलद चार्जरच्या जागी बाकडंसुद्धा नसतं अशी तक्रार नेहमी ऐकू येते. यांच्याकडे स्वयंपाकघर, संडास आणि आडवं व्हायला पलंग होता. ट्रक परत आला तेव्हा काका घोरत होते. बॅटरी ८५ टक्के.

ग्लेनवूडजवळच्या पार्कात पाच वाजता पोचले, २१ टक्क्यांवर. रात्री दहाच्या सुमारास मुलाने प्लगला हात लावला तर तो गरम लागला. खांब जुना होता, सॉकेटची पकड सैल झालेली. त्याच्या केबल-चार्जरवर प्रवाह कमी करता येतो, त्याने तो ३० वरून २४ अँपिअरवर आणला आणि तासाभराने पुन्हा पाहिलं. प्लग कोमट होता. हे करायला हवंच होतं. तासन् तास सलग भार घेतला की सैल सॉकेट कुठे पोचू शकतो हे आपल्याकडे गीझरचा प्लग जळलेला पाहिलेल्या कोणालाही माहीत असतं. किंमत अशी मोजावी लागली की सकाळी ९२ ऐवजी ८५ टक्केच होते.

तिसऱ्या टप्प्याला लागणार ७६. म्हणजे फ्रूटाला ९ उरणार. काकांचा नियम होता की १५ च्या खाली जायचं नाही. वाटेत ग्रँड जंक्शन आहे, फ्रूटाच्या बारा मैल अलीकडे, तिथे जलद चार्जर आहेत. तिथे पोचले तेव्हा पडद्यावर १९.

"थांबूया," काका म्हणाले.

"बाबा, थांबायचं म्हणजे इथे भर रहदारीत कॅम्पर सोडवायचा. बारा मैल आहेत, वारा नाही, आणि पोचलो की खांब आहे."

मुलगा थांबला नाही. ताशी ४५ ने गेला आणि फ्रूटाच्या सरकारी उद्यानातल्या कॅम्पिंगला १० टक्क्यांवर पोचला. माझ्या मते त्याचंच बरोबर होतं. पंधरा टक्क्यांचा नियम कशासाठी, तर पुढे काय आहे ते ठाऊक नसतं म्हणून. इथे ठाऊक होतं: अंतर, हवा, आणि शेवटी आरक्षित वीज. काका अजूनही मान्य करत नाहीत. वर्गात मी दोन्ही बाजू मांडतो, पण माझा कल लपत नसावा.

फ्रूटाची रात्र

फ्रूटाला दोन रात्रींचा मुक्काम आधीपासून ठरलेला होता. सांगायला कारण कोलोरॅडो नॅशनल मॉन्युमेंट, जे गावाला लागूनच आहे. खरं कारण चौथा टप्पा. फ्रूटा ते मोआब हे शंभर मैल वाळवंटातले. महामार्गाच्या त्या पट्ट्यात वस्ती जवळजवळ नाही, आणि आमच्या तक्त्यात फ्रूटा सोडल्यावर मोआबपर्यंत एकही चार्जर नव्हता. शांत हवेत ताशी ५५ ने ८३ टक्के लागतात. म्हणजे निघताना पूर्ण शंभरच हवेत, आणि दहावरून शंभरला न्यायला एक रात्र पुरत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हवामानाचा अंदाज आला. उद्या दुपारी पश्चिमेचा वारा, ताशी १५ मैल, झोत त्याहून जोराचे. ट्रकही पश्चिमेलाच जाणार होता.

पुण्यात तेव्हा सकाळ होती. काकांनी मला फोन लावला आणि तक्ता दोघांनी दोन खंडांत उघडला. ताशी ५५ ने जाताना समोरून १५ चा वारा आला तर हवेच्या दृष्टीने वेग ७० होतो. खर्च १५९ युनिट, बॅटरी १३१ ची. पोचणारच नाही. वेग ४५ वर आणला तर १२४, म्हणजे ९५ टक्के. कागदावर पोचतो, पण एक झोत, एक वळसा, आणि रस्त्याच्या कडेला उभं राहायचं. महामार्गावर ४५ ने चालणं हा वेगळाच धोका.

मुलाचं म्हणणं, मोआबचे पैसे भरलेत, हळू का होईना जाऊ. काकांचं म्हणणं, अजून एक दिवस थांबू. सुनेने तिसरा मार्ग काढला आणि तोच झाला. तिने तासातासाचा अंदाज उघडला. वारा सकाळी दहानंतर उठणार होता, पहाटे जवळजवळ निवांत. "आई-बाबा नाहीतरी साडेचारला उठतात. त्यांची झोप अजून पुण्याच्याच वेळेवर आहे," ती म्हणाली.

कॅम्पर रात्रीच जोडून ठेवला. जागा अशी मिळाली होती की जोडलेला असतानाही केबल पोचत होती, कारण या ट्रकचं चार्जिंगचं तोंड पुढच्या डाव्या बाजूला आहे. साडेपाचला निघाले, ताशी ५५ ला क्रूझ, म्हणजे वेग आपोआप धरून ठेवणारी सोय, लावून. सूर्य मागून उगवला. १८२ चा फाटा गाठला तेव्हा ३७ टक्के होते आणि वाऱ्याचं नावही नव्हतं. मोआबला आठच्या आत, १६ टक्क्यांवर. पार्कमध्ये एवढ्या सकाळी जागा मिळत नाही, म्हणून कार्यालयाबाहेर उभं राहून त्यांनी चहा-पोहे केले. दुपारी वारा सुटला तेव्हा कॅम्पर उभ्या जागी डुलत होता.

आर्चेसला मग ते कॅम्पर पार्कमध्ये ठेवून, रिकाम्या ट्रकने गेले. तिथे पल्ल्याचा विषयच उरला नाही.

परत आल्यावर

परतीला वारा पाठीशी होता, फ्रूटाला निवांत पोचले. ग्लेनवूडपासून बोगद्यापर्यंत बहुतेक चढच, म्हणून तिथे एकाऐवजी दोनदा कॅम्पर सोडवावा लागला. बाकी सांगण्यासारखं काही घडलं नाही.

आता सप्टेंबरात मुलाला कॅम्पर विकत घ्यायचा आहे, आणि टेबल पुन्हा आमचंच. काकांनी तक्त्यात हवेच्या अडथळ्याचा आकडा ५ वरून ३ केला: छत खाली बसणारा, घडीचा कॅम्पर, जो रस्त्यावर ट्रकच्या उंचीच्या आत राहतो. तिसऱ्या टप्प्याचा खर्च ताशी ५५ ला १०० युनिटांवरून सत्तरच्या खाली येतो. फ्रूटा ते मोआबला निघताना शंभर टक्के असण्याची गरजच संपते. वजनही कमी, म्हणजे गोडा मसाल्यावर मर्यादा नाही. मुलगा लगेच तयार झाला.

काकूंनी दोन प्रश्न विचारले. छत उघडायला वाटेत किती वेळ लागतो, आणि त्यात संडास आहे का. पहिल्याचं उत्तर पाच-दहा मिनिटं. दुसऱ्याचं, बहुतेकांत पडद्यामागे एक पेटीवजा सोय. "मग सिल्व्हरथॉर्नला तुम्ही उठून जाणार कुठे?" त्यांनी काकांना विचारलं. एक्सेलमध्ये त्यासाठी रकाना नव्हता, तो आता घातला आहे. छत वर न उचलता आत जाऊन बसता येईल असं न्हाणीघर ज्यात आहे, अशा मधल्या उंचीच्या कॅम्परांची यादी सून करते आहे. त्यांच्यासाठी काकांनी अडथळ्याचा आकडा ४ धरला आहे.